बाई, माझं नाव लिहिलंत म्हणून

आदरणीय बाई,

हे पत्र तुम्हाला घरी आणून देता आलं असतं. पण तुम्ही काय केलंत ते चारचौघांना कळायला हवं, म्हणून उघड लिहितेय.

तुमच्याकडे आले तेव्हा मी पीएच.डी. सोडायच्या बेतात होते. आधीच्या मार्गदर्शकांनी मी घेतलेले शिलालेखांचे ठसे आणि माझी वाचनं स्वतःच्या निबंधात वापरली, आभारातही माझं नाव नव्हतं. विभागात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी अवाक्षर काढलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

मग तुम्ही जुन्नरला नेलंत. मानमोडीच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याचा, ४६ हे वर्ष कोरलेला लेख माझ्याकडून वाचून घेतलात. पण जास्त वेळ बोललात ते जुन्नरच्याच इरिल नावाच्या यवनाबद्दल, म्हणजे ग्रीकाबद्दल. त्याने दिली पाण्याची दोन टाकी, आणि तेवढ्या दानासाठीही त्याचं नाव दगडात कोरलं गेलं. मी तेव्हा काही बोलू शकले नाही, घसा दाटून आला होता.

त्याच दिवशी एका झिजलेल्या दानलेखात तुम्ही 'च' वाचत होतात, मला 'व' दिसत होता. ब्राह्मी लिपीत ही दोन्ही अक्षरं दिसायला जवळची, म्हणून मी चाचरतच सांगितलं. तुम्ही बॅटरी तिरपी धरून बराच वेळ पाहिलंत. मग पिशवीतून वही काढलीत, स्वतःचं जुनं वाचन खोडलंत आणि शेजारी माझं लिहिलंत. "आईचं नाव लावतेस का गं?" असं विचारून पुढे माझं पूर्ण नाव घातलंत. पुढे निबंध छापून आला, त्यातही तळटीपेत तसंच.

बाई, प्राचीन इतिहासात नोकऱ्या मुळातच मोजक्या. माझ्यासारखे कितीतरी जण तासिका तत्त्वावर शिकवत पूर्णवेळ जागेची वाट बघताहेत. अशा टंचाईत दुसऱ्याचं श्रेय ओरबाडणारे पावलोपावली भेटतात. नावाजलेल्या अभ्यासकाने विद्यार्थिनीसमोर स्वतःचं वाचन खोडावं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. इतकं साधं, सरळ वागणारी माणसं या क्षेत्रात आहेत म्हणून मी टिकले.

प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन रविवारी येतेय. ऋणनिर्देशात पहिलं नाव तुमचं आहे. तुम्ही रागावलात तरी ते खाली नेणार नाही.

तुमची विद्यार्थिनी