ताई, तुम्ही खुर्ची फिरवलीत

ताई,

नव्या नोकरीचा पहिला पगार काल जमा झाला. मेसेज वाचला आणि का कोण जाणे, सगळ्यात आधी तुमची खुर्ची आठवली.

नवी नोकरी शोधायला तुमच्याकडे आलो, तेव्हा पहिल्या भेटीत तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसला होतात. मला ऐकू येत नाही, ओठ वाचूनच समजून घ्यावं लागतं. उजेड मागून, चेहरा काळोखात, ओठ काही दिसेनात. सांगावं की नको? जुन्या ठिकाणी अकरा वर्षं हेच सांगून जीभ झिजली होती, म्हणून गप्प बसलो. तुमच्या मात्र लक्षात आलं. बोलता बोलता उठलात, खुर्ची ओढत माझ्या बाजूला आणलीत, तोंड उजेडाकडे केलंत आणि विचारलंत, "आता दिसतंय?" 'ऐकू येतंय का' असं नाही, 'दिसतंय का'! हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

लोकांना वाटतं, ओठ वाचता येतात ना, मग झालं. अहो, पाप, बाप, माप ओठांवर अगदी सारखे दिसतात. उरलेलं संदर्भाने जुळवायचं, नि संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं. कानातल्या यंत्राने आवाज मोठा होतो, शब्द सुटे होतातच असं नाही. तुम्ही नावं आणि आकडे न मागता कागदावर लिहून देत होतात.

जुन्या ठिकाणी नोकरकपात जाहीर झाली तेव्हा आमचे साहेब फळ्याकडे तोंड करून बोलत होते. शेजारच्याचे डोळे भरले तेव्हा मला कळलं, काहीतरी बिनसलंय. यादीत माझंही नाव आहे हे त्यानेच वहीच्या कोपऱ्यात लिहून सांगितलं. पुढे आम्हाला दुसरी नोकरी शोधून द्यायला कंपनीने नेमलेल्या एजन्सीच्या फॉर्मवर मी ठळक लिहिलं, 'ऐकू येत नाही, मेसेज करा.' त्यांनी तीनदा फोन केला आणि 'उमेदवार प्रतिसाद देत नाही' असा शेरा मारून फाइल बंद केली. हसावं की रडावं!

वाजवी सोय, म्हणजे फोनऐवजी मेसेज करण्यासारखी जमण्याजोगी मदत, नाकारणं हा भेदभावच, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात लिहिलंय. दीडशेहून जास्त देशांनी तो मान्यही केलाय. मेसेज टाकायला मात्र माणूसच लागतो.

मुलाखतीआधी तुम्ही नव्या कंपनीतल्यांना काय कळवलंत, तुम्हालाच ठाऊक. आत गेलो तर तिघेही उजेडात बसलेले, टेबलावर कोरे कागद नि पेन. अर्धी भीती तिथेच गेली. त्यांनी मला हिशेबाबद्दल विचारलं, कानांबद्दल नाही.

माझ्याबरोबर कमी केलेले दोघे अजून घरीच आहेत. एक व्हीलचेअरवर असतो, दुसऱ्याला दिसत नाही. दोघांनाही तुमच्याकडे पाठवतोय. न दिसणाऱ्यासाठी खुर्ची फिरवू नका हं, त्याला त्याचं काही नाही. खोलीत आलात की फक्त आपलं नाव सांगा. आणि पहिल्याला भेटायचं असेल तर तेवढं तळमजल्यावर.

तुमचा,
हिशेबवाला