खारं मटण आणि मोदकपात्र

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत खारवलेल्या मटणाची कृती वाचली. त्यात मटण ‘तासभर भिजवा’ असं म्हटलंय. तासाभरात काय होणार! मी नॉर्वेच्या बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होतो. तिकडे नाताळात पिनेशॉट करतात, म्हणजे मेंढीच्या मीठ लावून वाळवलेल्या बरगड्या. त्या आदल्या दिवशीच पाण्यात घालायच्या, पाणी बदलत राहायचं आणि मग बर्च झाडाच्या काटक्यांवर तीनेक तास वाफवायच्या. माझगावच्या घरी मी मोदकपात्र काढतो, काटक्यांच्या जागी उसाची चिपाडं. बायको कपाळाला हात लावते.

वाळवल्यावर पाणी उडतं, म्हणून वजनाच्या मानाने प्रथिनं वाढतात हे लेखातलं खरं. पण मीठ किती, यावर अवाक्षर नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खायला सांगते. माझ्यासारख्या रक्तदाबवाल्याला एका बरगडीतच तेवढं भरतं की काय, अशी धास्ती! भिजवलेलं पाणी रश्शात घालू नये, वरून मीठ तर नकोच.

आणि हो, जुलैत मटण गॅलरीत वाळत घालू नका. मी एकदा घातलं होतं. तिसऱ्या दिवशी शेजारी दार ठोठावत आले.

— एक निवृत्त भंडारी, माझगाव, मुंबई