तिचा फोन काढून घेऊ नकोस

चि. बाळा,

अनेक आशीर्वाद.

"आई, ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बायकांच्या त्या ग्रुपवर असते, तू तरी समजाव तिला," असं तू म्हणालास. मी तुझ्या बायकोला काही समजावणार नाही. तुलाच लिहिते आहे, कारण फोनवर हा विषय निघाला की तू लगेच दुसरंच काहीतरी काढतोस.

तिच्या आयव्हीएफमध्ये, लॅबमध्ये तयार केलेला गर्भ गर्भाशयात सोडायची, म्हणजे ट्रान्सफरची तारीख ठरली होती, गोळ्या-इंजेक्शनं चालू होती, आणि लॅब बंद म्हणून सगळं थांबलं. पुढची तारीखही दिली नाही. तू म्हणतोस, गर्भ गोठवून ठेवलेत, ते कुठे जातात? खरं आहे. उणे १९६ अंशांवर, द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या गर्भाला चार-सहा महिने थांबल्याने काही होत नाही. पण तिचं शरीर तयार झालं होतं, रे. आता पुन्हा गोळ्या, पुन्हा सोनोग्राफ्या, पुन्हा कामावर रजेसाठी काहीतरी कारण सांगणं. आणि घरात कुणाला सांगायचं नाही असं तुम्हीच ठरवलेलं, म्हणजे रडायलाही जागा नाही.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे हे एकदम जगभर झालं होतं. १७ मार्चला अमेरिकेतल्या प्रजननवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने नव्या सायकल, म्हणजे उपचारांच्या फेऱ्या, सुरू करू नका, असा सल्ला दिला. ब्रिटनमध्ये चालू उपचार १५ एप्रिलच्या आत बंद करायला सांगितले आणि ११ मेपासून केंद्रांना पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज करता येऊ लागला. कॅन्सरच्या उपचारांआधी बीजं गोठवायची आहेत अशांसाठी वाट मोकळी ठेवली होती, बाकीच्यांनी थांबायचं. तेव्हा जगभरातल्या कितीतरी बायका मोबाइलवर एकमेकींना शोधत आल्या. कुणाचं केंद्र उघडलं, कुणाचं नाही, हे तिथेच कळायचं. उपचार सुरू करा म्हणून सह्यांच्या मोहिमाही तिथूनच निघाल्या.

तिने मला तिचा ग्रुप दाखवला (हे तिला विचारूनच लिहिते आहे). खरं नाव कुणीच लावत नाही. एकीने लिहिलं होतं, "आज माझी सायकल रद्द झाली." खाली कुणीही "होईल गं सगळं नीट" म्हटलं नव्हतं. "भरलेले पैसे पुढच्या सायकलला धरणार का, ते लेखी घे," "रक्ताच्या कोणत्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतील ते आत्ताच विचार," असं लिहिलं होतं. आणि एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. जिची गर्भधारणेची टेस्ट पॉझिटिव्ह येते ती आधी वर सूचना लिहिते, मग खाली बातमी, म्हणजे जिला आज ते सोसणार नाही तिला पुढे जाता यावं. आपल्या नात्यागोत्यात इतकं जपून कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

धोके नाहीत असं मी म्हणत नाही. दुसरीचा डोस बघून आपला बदलायचा नाही. उरलेली इंजेक्शनं "घेऊन जा" म्हणून देणाऱ्याही असतात. ती घ्यायची नाहीत, कारण ती फ्रिजमध्ये नीट ठेवली होती की नाही, कुणाला माहीत? रिपोर्टचा फोटो टाकताना नाव आणि नोंदणी क्रमांक झाकायचा. आणि भीती तर साथीसारखी पसरते. एकीचं एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ताची तपासणी) कमी आलं की सगळ्या घाबरतात, आता उशीर झाला तर संपलंच म्हणून. त्याच २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बीजांचा साठा कमी असलेल्या बायकांनी १८० दिवसांपर्यंत थांबून आयव्हीएफ केलं तरी मूल होण्याच्या शक्यतेत फरक दिसला नव्हता. वय वाढतं, ते नाकारता येत नाही, पण काही महिने थांबणं म्हणजे सगळं हातचं गेलं असं नाही. हे डॉक्टरांकडून एकदा स्पष्ट ऐक आणि तिलाही ऐकू दे.

त्या ग्रुपमध्ये मला पुरुष जवळजवळ दिसलेच नाहीत. सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. त्यात पुरुषही आलेच ना? तू कुणाशी बोलतोस, बाळा? मला तरी कधी सांगितलं नाहीस. तुझंही स्वप्न पुढे ढकललं गेलं आहे आणि तू ते तिच्या फोनवर चिडून काढतो आहेस, असं मला वाटतं. रागावू नकोस, पण आईला हे दिसतं.

रात्री तिच्या शेजारी बस आणि विचार, आज काय वाचलंस? ती दाखवेल. एखाद्या रात्री तूही तिथे दोन ओळी लिही, नाव न लावता. झोपेचं बोलायचं असेल तर त्यानंतर बोल, तेव्हा ती ऐकेल.

आणि सेंटरला फोन यापुढे तू कर. लॅब कधी सुरू होणार, पैशांचं काय, चालू असलेल्या गोळ्या कशा बंद करायच्या, सगळं ईमेलवर मागून घे. उत्तर आलं की आधी तिला सांग, मग मला.

तुझी,
आई