तुमची आई आम्हाला दिल्याबद्दल

प्रिय दादा, वहिनी, ताई आणि घरातली सगळी नातवंडं,

प्रभू येशूच्या नावात तुम्हा सर्वांना सलाम.

आईंच्या अंत्यविधीला मंडळीतल्या कितीतरी जणांनी उठून साक्ष दिली. जो तो आईंबद्दल बोलला, आणि ते योग्यच होतं. तुमचे आभार मात्र कोणीच मानले नाहीत. ते राहून गेलं, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण आई ज्यांच्या ज्यांच्या घरी गेल्या, त्या सगळ्यांचंच हे देणं लागतं.

माझे यजमान गेले त्या दिवशी आई आल्या आणि जवळजवळ काही बोलल्याच नाहीत. ‘देवाची इच्छा’ हे सांत्वन मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही. ज्याचं माणूस गेलंय त्याला देवाची वकिली ऐकवू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी भांडी घासली, मुलीच्या शाळेत निरोप पाठवला, बाहेरून आलेल्या पाहुण्यांच्या झोपण्याची सोय लावली. पुढे घरातला राबता ओसरला आणि त्यांचं येणं खरं सुरू झालं. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात गं, दुसऱ्या महिन्यात कोणीतरी जायला हवं, असं त्या म्हणायच्या. स्वतः ऐन तरुणपणी विधवा झालेल्या, त्यामुळे नेमकं कुठे अडतं ते त्यांना ठाऊक होतं. मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती आत्ताच काढून ठेव, प्रत्येक ठिकाणी मागतात. कोणत्याही कागदावर घाईनं सही करू नकोस, घरातल्याच माणसानं पुढे केला तरी. बँकेत माझ्याबरोबर यायच्या आणि माझा नंबर लागेपर्यंत बाकावर बसून राहायच्या. प्रार्थना अगदी शेवटी, दाराशी उभ्या राहून, माझं आणि मुलीचं नाव घेऊन. चार वाक्यांची. मला तेवढीच झेपत होती.

आता मुद्द्याचं. ते सगळे तास तुमचे होते.

एका संध्याकाळी माझा धीर पार सुटला आणि मी आईंना फोन केला. तुमच्याकडे धाकट्याला ताप होता, हे मला फार नंतर कळलं. दादा, तुम्ही आईंना गाडीवरून माझ्या दारात आणून सोडलंत आणि रात्री उशिरा न्यायला आलात. तापाचा शब्द काढला नाहीत. वहिनी, त्या रात्री लेकराजवळ तुम्ही एकट्या बसला होतात. हातातलं काम टाकून निघणारी आई सगळ्यांना दिसते. ती निघाल्यावर ते काम कोण करतं, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात प्रेषित पौल एकेकाला सलाम पाठवतो. त्यात 13व्या वचनात रूफस आहे आणि त्याची आई. ती माझीही आई आहे, असं पौल लिहितो. तिनं पौलासाठी काय केलं ते तिथे नाही, तिचं नावही नाही. या वचनावर मी संदेश ऐकले आहेत. बोलणारे पौलाबद्दल बोलतात, फार तर त्या माउलीबद्दल. माझं लक्ष हल्ली रूफसकडे जातं. आपली आई दुसऱ्यानं ‘माझी’ म्हणावी आणि ते आपल्याला चालावं, हे सोपं नाही. प्राचीन काळचे ख्रिस्ती धर्मगुरू संत ऑगस्टीन, त्यांची आई मोनिका 387 साली ओस्तिया बंदरात वारली. तिच्याबद्दल ते लिहितात की त्यांच्या सोबत्यांची काळजी ती जणू सगळ्यांची जन्मदात्री असावी तशी घ्यायची. लेकानं हे कौतुकानं लिहिलंय, तक्रारीच्या सुरात नाही. तुमच्या घरात मी तेच पाहिलं.

आणि घराकडे त्यांचं दुर्लक्ष झालं, असंही नव्हतं. जमिनीची वाटणी त्यांनी हयातीतच, तिन्ही भावंडांना समोर बसवून केली; ताईला बरोबरीचा वाटा दिला. सुनेची कागाळी लेकाकडे करायची नाही, लेकाची सुनेकडे करायची नाही, हा त्यांचा नेम होता. नव्या करारात आजीचा उल्लेख एकदाच येतो: लोईस, पौलाचा तरुण सोबती तीमथ्य याची आजी. तिच्यातला विश्वास नातवापर्यंत पोचला, एवढंच तिच्याबद्दल कळतं. तुमच्या थोरलीनं अंत्यविधीच्या दिवशी कागद न बघता 121वं स्तोत्र म्हटलं, तेव्हा मला लोईस आठवली.

बायबलमधली, गरिबांना मदत करणारी दुर्कस वारली तेव्हा विधवा येशूचा शिष्य पेत्र याच्याभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिनं शिवलेले अंगरखे दाखवू लागल्या. आमच्याकडे दाखवायला अंगरखे नाहीत. कोणाची सुटलेली दारू आहे, कोणाचं मोडता मोडता राहिलेलं लग्न आहे, माझं चालू राहिलेलं घर आहे. हे तुमच्यासमोर ठेवावं असं फार वाटलं.

एक मागणं आहे. आईंची भेटींची वही तुमच्याकडे असेल: आजारी कोण, कोणाकडे जायचं राहिलंय, ते लिहिलेली. तुमची हरकत नसेल तर ती महिला मंडळाकडे द्याल का? घरं आम्ही वाटून घेतली आहेत, इस्पितळातल्या रात्रीसुद्धा. वहिनी, तुम्ही इतक्यात यात येऊ नका. पुढच्या महिन्यात आम्हीच तुमच्याकडे येतो आहोत.

तुमची,
मंडळीतली एक बहीण