पिशवी काढली, पण नेमकं काय काढलं?

मा. संपादक, स. न.

रजोनिवृत्तीवर छापून येतं ते बहुधा गरम झळा, चिडचिड आणि 'आनंदी राहा' एवढंच. माझ्या धाकट्या बहिणीची हकिगत त्यात कुठेच बसत नाही, म्हणून हे पत्र.

ती कोरेगावकडे दिलेली. ३९व्या वर्षी अंगावरून फार जातं म्हणून तिची पिशवी काढली. आता ती ५१ची आहे. पोट सुटलं, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.८ म्हणजे मधुमेहात निघालं, आणि गेल्या श्रावणात उंबऱ्याला अडखळून मनगट मोडलं. साताऱ्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "अंडाशय ठेवले होते का?" बहिणीला प्रश्नच कळेना. जुनी फाइल शोधली. डिस्चार्ज कार्डावर एक इंग्रजी ओळ होती. दोन्ही अंडाशय काढलेले! बारा वर्षांत ती ओळ आम्हाला कुणी वाचून दाखवली नव्हती.

म्हणजे नुसती पाळी गेली नव्हती, अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोनही एका दिवसात तुटलं होतं. ते गेलं की चरबी पोटाकडे साठू लागते, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, हाडं भराभर झिजतात. इतक्या लवकर अंडाशय गेलेल्या बाईला, स्तनाचा कर्करोग किंवा रक्तात गुठळ्या होण्यासारखी अडचण नसेल, तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यावेत असा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे. हिच्याकडे तो विषयही कुणी काढला नाही. आता वय, शुगर आणि मधे गेलेली वर्षं बघून डॉक्टरबाईंनी हार्मोन नको म्हटलं.

'हार्मोन म्हणजे कॅन्सर' ही धास्ती मुख्यतः २००२च्या अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह अभ्यासाची. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि गोळीत दोन हार्मोन एकत्र होते. पिशवी काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन देणारा भाग २००४मध्ये थांबवला तो पक्षाघात वाढला म्हणून. स्तनाचा कर्करोग त्यात वाढला नव्हता. हे मात्र आपल्यापर्यंत पोचलं नाही. (बारीक व्हायला हार्मोन मागणाऱ्याही भेटतात. ते वजनाचं औषध नव्हे.)

व्यायामाचं नाव काढलं तर बहीण म्हणाली, "दिवसभर रानात राबते की, आणि कसला व्यायाम?" आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालणं, शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असं तिला लिहून दिलंय. स्नायू काम करताना इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढतात, हे तिला पटलं. मनगट बरं झाल्यावर तेलाच्या पाच लिटरच्या दोन रिकाम्या कॅनमध्ये आधी अर्धं, मग पूर्ण पाणी भरून ती उचलू लागली. हात न टेकता खुर्चीवरून दहादा ऊठबस करते. दाजी म्हणतात, "म्हातारपणी पैलवान होतीस काय?" खाशाबा जाधवांच्या जिल्ह्यात हा टोमणा व्हावा, याचीच गंमत वाटते.

माझं मागणं एवढंच, की डिस्चार्ज कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावं: अंडाशय ठेवले की काढले. आपण शहरातल्या डॉक्टरांना याबद्दल विचारावं. परवा आमच्या भिशीत मी विचारलं. अकराजणींत चौघींची पिशवी काढलेली. उत्तर एकीलाच देता आलं. बाकीच्या तिघी फाइल शोधताहेत.

– एक वाचक, सातारा