गुण मुलाच्या हाताला द्या, कुत्र्याच्या रुबाबाला नको

संपादक महोदय,

थंडीबरोबर डॉग शोंचा हंगाम येतो. त्यातली लहान मुलांची हँडलिंग स्पर्धा, म्हणजे मुलाने रिंगमध्ये कुत्रा उभा करून आणि पळवून परीक्षकाला दाखवण्याची स्पर्धा, मात्र अनेक ठिकाणी करमणूक म्हणून उरकली जाते. नीटनेटके कपडे आणि देखणा कुत्रा असला की बक्षीस ठरलेले. अमेरिकन केनेल क्लबच्या ज्युनिअर शोमनशिप या अशाच स्पर्धेत ९ वर्षांपासून १८ वर्षांखालील मुले उतरतात आणि तिथे कुत्र्याची शरीरठेवण गुणांसाठी धरतच नाहीत. आपल्याकडेही तेच हवे.

परीक्षकाने आधी मुलाचे हात पाहावेत. कुत्रा उभा करताना पुढचे पाय खांद्याखाली सरळ आणि मागचे पाय हॉकपासून (मागच्या पायाच्या घोट्यापासून) खाली जमिनीला काटकोनात हवेत. जर्मन शेफर्डचा मागचा एक पाय मात्र पोटाखाली पुढे घेतात. जातीनुसार पडणारा हा फरक मुलाला कळतो का, ही खरी परीक्षा. दात दाखवताना ओठ बाजूला करून मिटलेले दात दाखवायचे असतात. बरीच मुले जबडाच उघडतात, मग बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते, दिसणार कशी?

परीक्षक आणि कुत्रा यांच्या मध्ये मुलाने येऊ नये, हे सगळे सांगतात. पण परीक्षक रिंगमध्ये बाजू बदलतो तेव्हा मूल कसे सरकते, तिकडे फारसे कुणाचे लक्ष नसते. कुत्र्याला ओलांडून उडी मारणे ही चूकच. शांतपणे पुढून वळसा घ्यावा. पळवताना लीश इतकी ताणतात की पुढचे पंजे जेमतेम टेकतात आणि चाल बिघडते. वेग कमी पडला की मोठा कुत्रा दुडकी सोडून एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकू लागतो. हे ओळखून जे मूल लगेच चाल सुधारते, त्याला झुकते माप द्यायला हवे.

आपल्याकडच्या कारवानी हाउंड या जातीच्या कुत्र्याला परक्याचा हात खपत नाही. परीक्षक जवळ येताच तो अंग चोरतो. त्यासाठी मुलाचे गुण कापू नयेत, त्याला मूल कसे सावरते ते पाहावे. हिसका देणाऱ्याला मात्र मागे ठेवावे, बाकीचे कितीही बिनचूक असले तरी.

आयोजकांना विनंती, की नऊ वर्षांच्या मुलाला सतरा वर्षांच्या मुलासमोर उभे करू नका. सर्वांना चालीचा एकच पॅटर्न, म्हणजे कुत्रा पळवण्याचा एकच मार्ग, द्या आणि निकालानंतर प्रत्येक मुलाला त्याची एक चूक सांगा. ही स्पर्धा भर दुपारी तर नकोच. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे तोंड मिटवताना मुलांची नुसती झटापट होते.

– एक श्वानपालक, पुणे