वर्दीचा भत्ता उत्पन्न कसा?

महोदय,

जुलैचा पगार झाला की आमच्या वानवडीच्या कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘फौजींना कपडे फुकट, वर त्याच कपड्यांचे पंचवीस हजार!’ बोलणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के, म्हणून ते वाक्य जास्तच लागतं. मी स्वतः संरक्षण लेखा खात्यात नोकरी केली. सियाचीनवरच्या कॅप्टनचा पगारही आपल्या गोळीबार मैदानाजवळच्या कार्यालयातून निघतो, हे पुण्यातल्याही फार कमी लोकांना ठाऊक असतं. तेव्हा जुलैत येणाऱ्या या वर्दीच्या भत्त्याची आणि त्यावरच्या कराची वीण जरा उसवून दाखवतो.

‘फुकट’ हा शब्द निम्म्यालाच लागू आहे. जवानाला ठरलेले कपडे युनिटच्या स्टोअरमधून मिळतात. भत्ता मिळतो तो मुख्यतः ते धुऊन, इस्त्री करून, नीटनेटके ठेवण्यासाठी. अधिकाऱ्याला मात्र रोजची वर्दी पदरच्या पैशांनी शिवून घ्यावी लागते. अतिउंचावरचे खास कपडे सरकार त्यालाही देतं, पण ते काही पुण्याच्या ऑफिसर्स मेसमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात, घालून जाता येत नाहीत.

आमचे जावई मेजर आहेत. गेल्या वर्षी त्यांच्याबरोबर कॅम्पातल्या एका जुन्या टेलर मास्तरांकडे गेलो होतो. उन्हाळ्याची वर्दी वेगळी, थंडीची वेगळी, मेसची आणखी वेगळी. त्यावर नेमप्लेट, रिबन, लॅन्यार्ड (खांद्याला अडकवायची दोरी), खांद्यावरचे बिल्ले, कमरबंद, बूट, टोपी. मास्तर एकेक वस्तू काउंटरवर मांडत गेले आणि मी सवयीने मनात बेरीज करत गेलो. मेस ड्रेसच्या शिलाईपाशी येऊन थांबलो. त्यात चार किलो वजन वाढलं की शिवलेलं सगळं उसवायचं, हे जावयांनी हसत सांगितलं. मुलीला मात्र हसू आलं नाही.

शिवाय वर्दी बदलते. १५ जानेवारी २०२२ ला लष्कर दिनी नवी डिजिटल नक्षीची कॉम्बॅट वर्दी आली. तेव्हा लष्करप्रमुख होते आपल्या पुण्याचेच जनरल मनोज नरवणे. ‘निफ्ट’ या फॅशन संस्थेच्या मदतीने ती तयार झाली, शर्ट आता पँटमध्ये खोचायचा नाही, कापड हलकं. उत्तमच आहे. पण जुनी बाद झाली की पेटीत जाते. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिगेडियर आणि त्यावरच्या सर्वांची वर्दी एकसारखी झाली. म्हणजे कर्नलचा ब्रिगेडियर झाला की रेजिमेंटची लॅन्यार्ड उतरवायची आणि टोपीपासून बुटापर्यंत नवं घ्यायचं. बढतीचे पेढे वाटताना हा खर्च कोणी मोजत नाही.

आता आकडे. पूर्वी पहिल्या वर्दीचं अनुदान, नूतनीकरण, किट देखभाल, धुलाई, असे सुटे सुटे भत्ते होते. त्यांची बिलं तपासताना आमचेही डोळे दुखायचे. सातव्या वेतन आयोगाने ते सगळे एकत्र केले. जुलै २०१७ पासून वर्षातून एकदा, जुलैच्या पगारात, एकच ‘ड्रेस अलाउन्स’ येऊ लागला: अधिकाऱ्यांना २०,००० रुपये, जवानांना १०,०००. महागाई भत्ता ५० टक्क्यांना पोचला की यात २५ टक्के वाढ, असा नियम. तो टप्पा १ जानेवारी २०२४ ला आला आणि रक्कम २५,००० आणि १२,५०० झाली. मधली साडेसहा वर्षं रक्कम जागची हलली नाही. मास्तरांचे दर हलत होते, त्यांनाही पोट आहे.

पत्र लिहायचं कारण मात्र पुढेच आहे. जुन्या करपद्धतीत वर्दीवर प्रत्यक्ष जेवढा खर्च झाला तेवढा हा भत्ता करमुक्त असतो. नव्या पद्धतीत, जी २०२३-२४ पासून आपोआप लागू होते, ती सवलत नाही. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या मेजरला २५,००० वर उपकरासह ५,२०० रुपये कर बसतो. हातात उरतात १९,८००, म्हणजे २०१७ च्या वीस हजारांहूनही दोनशे कमीच. वाढ कुठे गेली, ते कट्ट्यावरच्या आमच्या मित्राने सांगावं.

जवानाला हा कर सहसा बसत नाही, कारण १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला नव्या पद्धतीत रिबेट, म्हणजे करात पूर्ण सूट, आहे. हेही सांगायला हवं, नाहीतर मी अर्धाच हिशेब मांडला असं होईल. कोणी म्हणेल, ७५,००० ची प्रमाणित वजावट आहेच की. आहे, पण ती साध्या शर्टात कामावर जाणाऱ्या प्रत्येक पगारदारालाही आहे. कोणी म्हणेल, मग जुनी पद्धत निवडा. एका वर्दीसाठी वर्षभराचा सगळा कर वाढवून घ्यायचा?

गंमत अशी की नव्या पद्धतीतही काही भत्ते करमुक्त ठेवलेच आहेत. सरकारी दौऱ्याचा, बदलीच्या प्रवासाचा, दौऱ्यावरचा दैनिक भत्ता. कारण सरळ आहे: तो पैसा कामासाठी खर्च होतो, घरात येत नाही. मग वर्दीचा पैसा कुठे येतो? मेस ड्रेस घालून कोणी मंडईत भाजी आणायला जात नाही. आणि हा प्रश्न फक्त लष्कराचा नाही. पोलीस अधिकाऱ्यापासून रुग्णालयातल्या परिचारिकेपर्यंत ज्यांना गणवेशाचा भत्ता मिळतो आणि नवी करपद्धत लागू होते, त्या सर्वांचा आहे.

नव्या करपद्धतीतल्या त्या करमुक्त भत्त्यांच्या यादीत अर्थ मंत्रालयाने गणवेश भत्त्याची एक ओळ वाढवावी, हवं तर पावत्या मागाव्यात. आमच्या मास्तरांच्या पावत्या छापील असतात, शिक्क्यासकट.

– एक निवृत्त लेखापरीक्षक, वानवडी, पुणे ४०